वेझलेचे दार

मननासाठी शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये २:१-१३, इफिसकरांस पत्र २:११-२२



फ्रान्स देशातील बर्गंडी प्रांतात वेझले नावाचे एक लहानसे खेडे आहे. वस्ती पाचशेहूनही कमी. टेकडीच्या पाठीवरून चढत जाणारा एक मुख्य रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना जुनी दगडी घरे, आणि रस्ता जेथे संपतो तेथे माथ्यावर मग्दालीया मरीयेच्या नावाने उभारलेले उपासनामंदिर. खेड्याच्या मानाने मंदिर फारच मोठे. त्याची लांबी सुमारे १२० मीटर आहे. जगभरातून प्रवासी ते पाहावयास येतात. १९७९ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत त्याची नोंद केली.

इतक्या दूरच्या एका मंदिराच्या दगडधोंड्यांचा आपण का विचार करावा, असा प्रश्न आपल्या मनात येईल. कारण हे की, या मंदिराच्या दारावर एक उपदेश कोरलेला आहे. तो आपल्याविषयी आहे. इतकेच नव्हे, तर त्या दारावर आपले पूर्वजही उभे आहेत. मात्र ज्या रूपात ते उभे आहेत ते पाहून आपणांस आश्चर्य वाटेल, कदाचित रागही येईल.

प्रथम या वास्तूचा थोडक्यात इतिहास पाहू. नवव्या शतकात जिरार नावाच्या एका सरदाराने या परिसरात मठ स्थापन केला. पुढे नॉर्मन लुटारूंच्या भयाने तो खालच्या खोऱ्यातून टेकडीवर हलविण्यात आला. अकराव्या शतकात मठवासीयांनी असे जाहीर केले की, मग्दालीया मरीयेच्या अस्थी आपल्यापाशी आहेत. झाले! यात्रेकरूंची रीघ लागली. स्पेनमधील सांतियागो द कोंपोस्तेला येथे पायी जाणाऱ्यांच्या चार मुख्य मार्गांपैकी एकाचा आरंभ येथूनच होऊ लागला. १०९६ साली आर्तो नावाच्या मठाधिपतीने मोठे मंदिर बांधावयास घेतले. पण त्यासाठी बसविलेल्या करांच्या ओझ्याने लोक चिडले आणि ११०६ साली त्यांनी त्याचा वध केला. ११२० साली मग्दालीयेच्या सणाच्या आदल्या रात्री मंदिराला आग लागली आणि त्या काळच्या बखरींनुसार हजाराहून अधिक यात्रेकरू तीत मरण पावले. आज जो मुख्य मंडप आपण पाहतो तो या आगीनंतरचा आहे. देवाच्या नावाने उभारलेल्या वास्तूंच्या पायात घाम व श्रद्धा असते तशी माणसांची रड व राखही असते, हे आपण विसरू नये.

मंडप बांधणाऱ्या गवंड्यांनी एक धाडस केले. त्या काळी मोठ्या मंदिरांवर बोगद्यासारखे सलग कमानदार छत घालीत. अशा छताचा भार भिंतीच्या सबंध लांबीवर येतो. म्हणून भिंती जाड ठेवाव्या लागतात, खिडक्या लहान कराव्या लागतात आणि आत अंधार साचतो. वेझलेच्या गवंड्यांनी दोन कमानदार छते एकमेकांस छेदतील अशी रचना केली. त्यामुळे भार चार कोपऱ्यांवर उतरला आणि मधल्या भिंतीत उंचावर खिडक्या काढता आल्या. आडव्या कमानींसाठी त्यांनी फिकट व गडद दगड आलटून पालटून वापरले. पुढे भिंती बाहेर झुकू लागल्या व त्यांना बाहेरून टेकू द्यावे लागले, हे खरे. पण प्रकाश आत आला तो आलाच. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात वेदीकडील भाग नव्या गॉथिक पद्धतीने बांधला गेला. तो अधिकच उजळ आहे. यात्रेकरू अंधुक देवडीतून मंडपात आणि मंडपातून त्या तेजाकडे चालत जातो.

आता आपण त्या देवडीत, आतल्या दारासमोर थांबू या.

१. दाराचा उपदेश

मंडपात शिरण्याच्या मुख्य दारावर अर्धवर्तुळाकार शिल्पपट आहे. तो सुमारे ११२५ ते ११३० च्या दरम्यान कोरलेला आहे. मध्यभागी प्रभू येशू ख्रिस्त बसलेला आहे. आकार मोठा, वस्त्रांच्या चुण्या वाऱ्याने भोवऱ्यासारख्या फिरलेल्या. त्याचे हात पसरलेले आहेत आणि त्या हातांपासून किरण निघून दोन्ही बाजूंच्या प्रेषितांपर्यंत पोहोचतात. प्रेषितांच्या हाती ग्रंथ आहेत. कोणी अभ्यासक हा पेंटेकॉस्टचा प्रसंग मानतात, कोणी प्रेषितांना सर्व राष्ट्रांकडे पाठविण्याचा. मला वाटते, दोन्ही अर्थ एकमेकांपासून वेगळे करण्याचे कारण नाही. आत्मा मिळतो तो पाठविले जाण्यासाठीच. दाराच्या मधल्या खांबावर बाप्तिस्मा करणारा योहान उभा आहे आणि देवाचा कोकरा दाखवीत आहे. म्हणजे आत शिरणाऱ्याला प्रथम योहान भेटतो.

परंतु या शिल्पाचे वैशिष्ट्य पुढेच आहे. ख्रिस्ताच्या पायांखालच्या आडव्या पट्टीवर आणि वरच्या कमानीतील चौकटींमध्ये जगातील राष्ट्रे कोरलेली आहेत. डाव्या बाजूस धनुर्धारी शिकारी आहेत, बळी देण्यासाठी बैल घेऊन निघालेले लोक आहेत. उजव्या टोकाला पुरुष, स्त्री व मूल असे एक कुटुंब आहे. त्यांचे कान सुपाएवढे मोठे आहेत. त्यांच्याजवळ एक ठेंगणा मनुष्य शिडी लावून घोड्यावर चढत आहे. आणि वरच्या एका चौकटीत कुत्र्याच्या तोंडाची माणसे आहेत.

ही कुत्र्याच्या तोंडाची माणसे कोण? ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात इराणच्या दरबारी असलेल्या क्टेसियस नावाच्या ग्रीक वैद्याने भारतावर एक ग्रंथ लिहिला. भारताच्या डोंगरांत अशी माणसे राहतात, असे त्याने त्यात सांगितले. पुढे रोमन लेखक प्लिनी याने ते उचलले. सातव्या शतकात सेव्हिलचा बिशप इसिदोर याने आपल्या ज्ञानकोशात लिहून ठेवले की, ही जात भारतात जन्मते आणि तिचे भुंकणे पाहता ती माणसांपेक्षा पशूंत मोडते. ठेंगण्यांनाही त्याने भारताच्या डोंगरांतच वस्ती दिली. मध्ययुगातील युरोपात हा ग्रंथ घरोघरच्या पंचांगासारखा प्रमाण मानला जाई.

तेव्हा, बंधुभगिनींनो, वेझलेच्या दारावर भारत आहे तो असा! ज्या देशात थोर व्याकरणकार झाले, त्या देशाला दूरच्या लोकांनी भुंकणाऱ्यांचा देश ठरविले.

पण आपण रागावण्यापूर्वी आपल्या घरातही डोकावू या. महाभारतात दिग्विजयाच्या वर्णनात 'कर्णप्रावरण' नावाचे लोक येतात, म्हणजे कान पांघरणारे. वेझलेच्या दारावरील कुटुंबाचे हे सख्खे भाऊबंदच! आणि 'म्लेच्छ' हा शब्द मुळात ज्याची बोली अस्पष्ट त्याला लावलेला आहे. ग्रीकांचा 'बार्बारोस' हा शब्दही त्याच जातीचा: ज्याचे बोलणे आपल्याला बर्बर असे ऐकू येते तो. दूरच्या माणसाला अर्धवट माणूस ठरविण्याचे पाप एका खंडाचे नाही. पेंटेकॉस्टच्या दिवशीसुद्धा परक्या भाषा ऐकून काहींनी, हे लोक द्राक्षारस पिऊन झिंगले आहेत, अशी थट्टा केली होती.

आता दाराचा उपदेश नीट ऐका. या सर्व विचित्र लोकांना शिल्पकाराने नरकात घातलेले नाही, दाराबाहेर हाकललेले नाही. त्याने त्यांना ख्रिस्ताच्या पसरलेल्या हातांभोवती ठेवले आहे. त्याला ठाऊक असलेल्या जगाचे शेवटचे टोक त्याने शोधले, आणि शुभवर्तमान तेथपर्यंत जाते असे दगडात लिहिले. त्याची माहिती चुकीची होती, पण त्याचा विश्वास खरा होता. संत ऑगस्टिन यांनी पाचव्या शतकातच लिहून ठेवले होते की, एखाद्याचे रूप वा वाणी आपल्याला कितीही विलक्षण वाटो, तो बुद्धी असलेला मर्त्य माणूस असेल तर तो आदामाचाच वंशज होय. नवव्या शतकात रिम्बर्ट नावाच्या एका मिशनरी सेवकाने कॉर्बीच्या मठातील रॅट्रॅम्नस या विद्वानास पत्राने विचारले, 'कुत्र्याच्या तोंडाच्या लोकांना माणूस समजावे काय?' उत्तर आले: ते कायदे पाळतात, वस्त्रे नेसतात, लाज बाळगतात, तर ते माणूसच. प्रश्न आज हास्यास्पद वाटतो. पण त्यामागची तळमळ हास्यास्पद नाही. एखादा मनुष्य आहे असे एकदा ठरले, की त्याला शुभवर्तमान सांगणे हे आपले ऋण ठरते.

या संदर्भात मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातील सुरफुनीकी स्त्री आठवते. मुलांची भाकर कुत्र्यांपुढे टाकणे बरे नाही, हे शब्द तिने प्रभूच्या मुखातून ऐकले. ती निघून गेली नाही. मेजाखालच्या चुऱ्यावर कुत्र्यांचाही वाटा असतो, असे ती उत्तरली, आणि त्या एका उत्तराकरिता प्रभूने तिची लेक बरी केली. जिला कुत्र्याच्या जागी ठेवले होते तिचे बोलणे देवाच्या पुत्राने ऐकून घेतले व मान्य केले.

येथे आणखी एका दगडाचा उल्लेख केला पाहिजे. १८७१ साली यरुशलेम येथे एक ग्रीक शिलालेख सापडला. तो हेरोदाच्या मंदिरातील आडभिंतीवरचा होता. परराष्ट्रीयाने या आडभिंतीपलीकडे पाऊल टाकू नये, टाकल्यास आपल्या मरणास तो स्वतःच जबाबदार, अशा आशयाची ताकीद त्यावर कोरलेली आहे. ख्रिस्ताने मधली आडभिंत पाडली, हे इफिसकरांस लिहिताना पौलाच्या डोळ्यांपुढे हीच भिंत असावी, असे अनेक भाष्यकार मानतात. एका दगडाने परक्याला मरणाचे भय घातले. वेझलेच्या दगडाने त्याच परक्याला दारावर जागा दिली. या दोन दगडांच्या मध्ये वधस्तंभ उभा आहे.

२. जात्याचा उपदेश

दारातून आत गेल्यावर मंडपातील खांबांच्या माथ्यांवर शंभराच्या आसपास कोरीव शीर्षे दिसतात. त्यांतील एक जगप्रसिद्ध आहे. एक मनुष्य जात्यात धान्य ओतीत आहे. दुसरा खाली वाकून पीठ पिशवीत भरून घेत आहे. परंपरेने पहिल्यास मोशे व दुसऱ्यास पौल मानतात. जात्याच्या चाकावर क्रूसाची आकृती आहे. जुन्या कराराचे धान्य ख्रिस्ताच्या क्रूसातून दळले जाते आणि त्याचे पीठ सर्व राष्ट्रांच्या भाकरीसाठी निघते, असा त्याचा अर्थ लावतात.

बायबल भाषांतराच्या कामात ज्यांची वर्षे गेली, त्या माझ्यासारख्यास हे शिल्प विशेष जवळचे वाटते. धान्य कणगीत पूज्य भावाने जपून ठेवले तर मुलांची भूक भागत नाही. ते दळावे लागते. दळताना दाणा मोडतो, पण त्याचे सत्त्व मोडत नाही. प्रत्येक भाषेच्या जात्यातून देवाचे वचन असेच जाते. आपल्या मराठीत विल्यम केरी व पंडित वैजनाथ यांच्या परिश्रमाने १८११ साली सेरामपूर येथे नवा करार छापला गेला. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची अनेक वर्षे संपूर्ण पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणण्यासाठी वेचली. ज्यांना भुंकणारे ठरविले होते त्यांच्या मुखी देवाने आपले वचन दिले!

आणि देवाची योजना पाहा. १५१९ साली, २४ जून रोजी, म्हणजे योहानाच्या सणाच्याच दिवशी, याच वेझले गावी थिओडोर बेझा यांचा जन्म झाला. धर्मसुधारणेच्या काळात ते जिनिव्हास गेले, कॅल्व्हिनचे उत्तराधिकारी झाले आणि त्यांनी ग्रीक नवा करार टीपांसह पुन्हा पुन्हा प्रसिद्ध केला. इंग्रजीत किंग जेम्स भाषांतर करणाऱ्या विद्वानांपुढे बेझांची आवृत्ती होती. त्यांच्याजवळचे एक अतिप्राचीन हस्तलिखित त्यांनी १५८१ साली केंब्रिज विद्यापीठास दिले; ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. ज्या गावच्या मंदिरात पौल पीठ गोळा करीत उभा होता, त्या गावाच्या पुत्राने पौलाची पत्रे अनेकांच्या हाती दिली.

३. टेकडीवरचा उपदेश

येथपर्यंत सर्व गोड आहे. परंतु वेझलेचा इतिहास येथे थांबत नाही, आणि आपणही थांबू नये.

११४६ सालच्या ३१ मार्च रोजी, पुनरुत्थानाच्या सणाच्या दिवशी, क्लेअरव्होचे मठाधिपती बर्नार्ड यांनी वेझले येथे उपदेश केला. राजा सातवा लुई व राणी एलेनोर हजर होती. गर्दी मंदिरात मावेना, म्हणून सभा टेकडीच्या उतारावर भरली. उपदेशाचा विषय होता दुसरे क्रूसयुद्ध. लोकांनी क्रूस मागितले. शिवून आणलेले कापडी क्रूस संपले, तेव्हा बर्नार्ड यांनी स्वतःची वस्त्रे फाडून त्यांचे क्रूस वाटले, असे त्या काळचा लेखक सांगतो. बर्नार्ड भक्तिमान पुरुष होते. त्याच वर्षी जर्मनीत एक संन्यासी यहुद्यांच्या कत्तलीस लोकांना चिथावू लागला, तेव्हा बर्नार्ड यांनी स्वतः तेथे जाऊन त्यास रोखले, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण त्यांच्या उपदेशाने निघालेले सैन्य मार्गातच मोडले. ११४८ साली दमास्कसच्या वेढ्यातून ते अपयश घेऊन परतले. मागे राहिली मढी, वैर आणि ख्रिस्ताच्या नावाची विटंबना.

जरा विचार करा. दार तेथेच होते. शिल्प पुरे होऊन वीस वर्षेही झाली नव्हती. दारावर ख्रिस्ताचे हात दूरच्या राष्ट्रांसाठी पसरलेले होते. आणि दारापासून हाकेच्या अंतरावर, त्याच ख्रिस्ताचा क्रूस छातीवर लावून लोक दूरच्या राष्ट्रांवर तलवार घेऊन निघाले. आदल्याच रात्री त्यांतील कित्येकजण त्या दाराखालून आत गेले असतील. दाराने जे सांगितले ते टेकडीने ऐकले नाही.

मंडळीचे खरे संकट हेच आहे. सत्य आपल्याला ठाऊक नसते असे नाही. ते आपण दारावर कोरतो, फलकावर रंगवितो, वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर छापतो. आणि मग त्याखालून चालत बाहेर जातो.

अस्थींचेही असेच झाले. १२६७ साली राजा नववा लुई यांच्या उपस्थितीत त्या समारंभपूर्वक नव्या पेटीत ठेवण्यात आल्या. अवघ्या बारा वर्षांनी, १२७९ साली, प्रोव्हान्स प्रांतात मग्दालीयेचे दुसरे शरीर सापडल्याचे जाहीर झाले, आणि यात्रेकरू तिकडे वळले. वेझले ओस पडत गेले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात मंदिराच्या बाहेरील दर्शनी शिल्पाचा चुराडा करण्यात आला. आतले दार देवडीच्या आश्रयाने वाचले. १८३४ साली सरकारी निरीक्षक प्रॉस्पर मेरिमे यांनी हे मंदिर पाहिले ते कोसळण्याच्या बेतात होते. १८४० साली व्हियोले-ल-द्युक या तरुण वास्तुशिल्पकाराने डागडुजी हाती घेतली व सुमारे वीस वर्षे खपून ते उभे ठेवले. अस्थींवर उभी राहिलेली कीर्ती गेली. पसरलेल्या हातांचे शिल्प राहिले.

मग, टेकडीवर जे घडले त्याला कधी उत्तर मिळाले काय? मिळाले, त्यास आठशे वर्षे लागली.

१९४६ साली, महायुद्ध संपून एक वर्षच झाले असता, बर्नार्ड यांच्या उपदेशाच्या आठशेव्या वर्षी, शांतीसाठी एक यात्रा निघाली. फ्रान्सच्या निरनिराळ्या भागांतून व शेजारच्या देशांतून लोक चौदा जड लाकडी क्रूस खांद्यावर घेऊन पायी वेझलेस आले. या वेळी क्रूस छातीवर शिवलेला नव्हता, खांद्यावर वाहिलेला होता. जवळच्या छावणीत जर्मन युद्धकैदी होते. आम्हांलाही येऊ द्या, अशी त्यांनी विनंती केली. काल ज्यांच्या बंदुकांनी घरे उजाड केली ते हे लोक! त्या वेळच्या फ्रान्समध्ये त्यांच्याइतके परके, त्यांच्याइतके कुत्र्याच्या तोंडाचे दुसरे कोण असेल? पण त्यांना होकार मिळाला. त्यांनी बाँबहल्ल्यात पडलेल्या घरांची लाकडे गोळा केली, त्यांचा पंधरावा क्रूस केला आणि तो घेऊन ते इतरांबरोबर टेकडी चढले. ते क्रूस आजही त्या मंदिराच्या भिंतींवर आहेत.

त्या दिवशी टेकडीने दाराचा उपदेश ऐकला.

आपले दार

प्रिय वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळजण महाराष्ट्राबाहेर राहतात. इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली, अशा शहरांत परक्या भाषेच्या मंडळीत कोपऱ्यातल्या बाकावर बसण्याचा अनुभव आपणांस आहे. आपले गीत कोणाला येत नाही, आपले आडनाव कोणाला उच्चारता येत नाही, हे आपण सोसले आहे. म्हणून हा प्रश्न आपणांसच विचारता येतो: आपल्या मंडळीच्या दारावर आज कोणाचे तोंड कुत्र्याचे कोरलेले आहे?

आपल्या देशात काही ठिकाणी ख्रिस्ती लोकांच्या दफनभूमीतही जातीची भिंत राहिली. एका प्याल्यातून प्रभुभोजन घेणारे सोयरिकीच्या वेळी जुनी वही काढतात. डोंगरातून आलेल्या आदिवासी विश्वासणाऱ्याच्या प्रार्थनेतील उच्चारांवर शहरी तरुण हसतात. शेजारचा मनुष्य दुसऱ्या धर्माचा आहे एवढ्यावरून आपण त्याच्याविषयी वाटेल ते ऐकतो, आणि खरे मानतो; क्टेसियसचे वाचक तरी याहून वेगळे काय करीत होते? पौल म्हणतो की, आपण पूर्वी दूर होतो, आशाहीन होतो, आणि ख्रिस्ताच्या रक्ताने जवळ आणले गेलो. जो स्वतः दुसऱ्याच्या दारावर राक्षस म्हणून कोरला गेला होता, त्याने आपल्या दारावर कोणाला राक्षस म्हणून कोरावे काय?

या आठवड्यात एक काम करा. ज्याला आपण आजवर दुरूनच ओळखले अशा एका माणसाच्या घरी जा. त्याला शिकविण्यासाठी जाऊ नका. त्याचे ऐकण्यासाठी जा. पेंटेकॉस्टचा आरंभ बोलण्याने झाला हे खरे, पण त्या दिवशीचा खरा चमत्कार हा की, प्रत्येकाला आपल्याच भाषेत ऐकू आले.

दरवर्षी जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, दिवस सर्वांत मोठा असतो तेव्हा, भर दुपारी वेझलेच्या मंडपात दक्षिणेकडील उंच खिडक्यांतून ऊन उतरते आणि फरशीच्या बरोबर मध्यावर प्रकाशाचे एकामागून एक ठिपके पडून दारापासून वेदीकडे जाणारी वाट तयार होते. गवंड्यांनी मोठ्या धाडसाने खिडक्या उंच ठेवल्या नसत्या तर ही वाट दिसली नसती. ती वाट त्याच दारापाशी सुरू होते जेथे दूरची सर्व राष्ट्रे उभी आहेत. त्यांना मागे ठेवून तिच्यावर पाऊल टाकता येत नाही.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तुझे हात पसरलेले आहेत आणि आमचे मिटलेले. ज्यांना आम्ही परके ठरविले त्यांच्या वाणीत तुझी हाक ऐकण्यास आम्हांला कान दे. तुझा क्रूस आम्हांला छातीवर मिरविण्यासाठी नको, खांद्यावर वाहण्यासाठी दे. आमच्या मंडळीचे दार तुझ्या हातांइतके रुंद कर. आमेन.